चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये

मी भांडुपला सातव्या मजल्यावर राहते. त्या दुपारी बाजारातून आले तर लिफ्ट बंद. दुरुस्त करायला माणूस संध्याकाळी येणार, असं वॉचमन म्हणाला. अर्धा तास खाली बसले आणि मग निघाले जिन्याने.

वीस वर्षं मी गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजायचं काम केलं. त्या धुळीने फुप्फुसं खराब झाली, ती आता पूर्वीसारखी होणार नाहीत, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. नुसतं अंथरूण आवरलं तरी दम लागायचा. मग हॉस्पिटलमधल्या श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर एक ॲप घालून दिलं. त्यात एक निळं वर्तुळ आहे. ते फुगलं की श्वास घ्यायचा, लहान होत गेलं की हळूहळू सोडायचा. जोडीला बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं यंत्र. सुरुवातीला मी ते सारखंच लावून बसायचे. आकडा एकाने उतरला की हातातलं काम टाकून बसायचे. शेवटी बाईंनी व्हिडिओ कॉलवर अट घातली, दम लागला तर गोष्ट वेगळी, नाहीतर दिवसातून दोनदाच बघायचं.

शिकवल्याप्रमाणे मजल्यामजल्याला थांबत चौथ्यापर्यंत नीट आले. पुढे कुणाच्या तरी घरात मसाल्याच्या मिरच्या भाजत होते. ठसका लागला, खोकल्याची उबळ आली आणि श्वास अडकला. आत जाईना असं नाही, बाहेरच पडेना. मी पायरीवर बसले. हाताला मुंग्या आल्या. वाटलं, संपलं. आपण इथेच जाणार, वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

यंत्र बोटाला लावलं. त्र्याण्णव. घरी असतो तोच आकडा. बाईंनी समजावलं होतं की आकडा ठीक असूनही जीव घाबराघुबरा होतो, तेव्हा आधी श्वास सोडायचा. पण मला खरं वाटेना. यंत्रच बिघडलंय म्हणून दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं. त्र्याण्णवच.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची मालवणची बाई खाली उतरत आली. माझ्या कुंड्यांचं पाणी तिच्या पापडांवर पडलं होतं, तेव्हापासून दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तिने दंड धरून मला उठवायला सुरुवात केली. नको म्हणायलाही श्वास नव्हता. ॲपमध्ये माझ्या मुलीने एक पान लिहून ठेवलं होतं, ते मी तिच्यापुढे धरलं. ‘मला दम लागलाय, बोलता येत नाही. उचलू नका, पाणी पाजू नका. दहा मिनिटांत उतरला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा.’

तिने ते सावकाश वाचलं. माझा हात सोडला आणि खालच्या पायरीवर बसली.

“मी हंयच बसलंय. तू बोलू नको,” ती म्हणाली.

मी वर्तुळ सुरू केलं, त्यावर ‘घ्या’, ‘सोडा’ अशी अक्षरं येतात. फोन तिने माझ्यासमोर धरला आणि वर्तुळाकडे बघत स्वतःच मोठमोठ्याने श्वास सोडायला लागली. माझी नजर वर्तुळावर ठरत नव्हती. मी तिच्या आवाजामागे गेले. किती वेळ गेला कळलं नाही, पण हळूहळू छाती मोकळी व्हायला लागली.

मग तिने विचारलं, “मरतंय असा वाटला काय गो तुका?”

मी मान डोलावली आणि रडू आलं. हे मी कुणालाच कबूल केलं नव्हतं. ॲप रोज विचारायचं, आज भीती वाटली का, आणि मी रोज ‘नाही’वर बोट ठेवायचे. मुलगी ते तिच्या फोनवर बघते, तिला घोर नको म्हणून.

पुढच्या कॉलवर बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. घाबरून घरात बसलात तर दम आणखी वाढेल, रोज थोडा जिना चढा, पण एकट्या नको, असं म्हणाल्या. तरी नऊ दिवस मी दाराबाहेर पडले नाही. दहाव्या दिवशी पाचव्या मजल्यावरची स्वतःच न्यायला आली.

आता आम्ही दोघी रोज जिना चढतो. चौथा मजला आला की माझी छाती अजून धडधडते. मी भिंतीला टेकून उभी राहते, ती दोन पायऱ्या वर थांबते. घाई करत नाही.