सहावी दोरी

क्लेमंट हॉटन गेला तेव्हा अर्ध्या गावाने टोपी काढली आणि उरलेल्या अर्ध्याने हळूच सुस्कारा सोडला. मी दोन्ही केलं. कित्येक वर्षं दर शनिवारी तो बाजाराच्या चौकात पाटी घेऊन उभा असायचा: ‘इंग्लंड भरलं. आता पुरे.’ बाहेरून येणारी माणसं, कमी पडणारं पाणी, शेतांवर उठणारी घरं, हे सगळं तो भेटेल त्याला ऐकवायचा. शिवी त्याने कुणाला दिली नाही. पण दिवसभर कोबी कापून आलेल्या परक्या बाईला ती पाटी वाचताना काय वाटत असेल, हा विचार त्याच्या डोक्याला कधी शिवला नाही. मला त्याचा राग यायचा आणि अजूनही येतो.

गंमत अशी, की हाच माणूस आमच्या चर्चच्या घंटांचा म्होरक्या. सहा घंटा, सहा दोऱ्या आणि प्रत्येकीला एक माणूस. तरुण पोरं शहरात गेलेली, त्यामुळे माणसं कधी पुरायचीच नाहीत. एकदा भाजीच्या कारखान्यातली रुमानियाची इलिंका घंटांचा आवाज ऐकून मनोऱ्याचा जिना चढून आली, तर यानेच तिच्या हाती सहावी दोरी दिली. ती बुटकी, तिचे हात पुरेनात. पुढच्या सरावाला त्याने तिला उभं राहायला एक बंद खोकं करून आणलं. फळी जुन्या पाटीची होती, अक्षरं तळाला.

“क्लेमंट, काही लाज?” मी विचारलं.

“फळी चांगली आहे, वेरा. टाकून कशाला द्यायची?”

यंदा वसंतात कामगारांसाठी घरं बांधायचं निघालं. क्लेमंट पाटी घेऊन थेट इलिंकाच्या कारखान्याच्या फाटकासमोर उभा राहिला. त्या गुरुवारी ती सरावाला आली नाही आणि नंतरही नाही. तिच्या दारी जायला क्लेमंटचं पाऊल उचलेना. उन्हाळाभर आम्ही पाचजणांनीच वाजवलं. दात पडलेल्या तोंडासारखं वाटतं, असं तोच कुरकुरायचा.

तो गेल्यावर त्याच्या दोरीला शेजारच्या गावातून माणूस मिळाला. सहावी मात्र रिकामीच. त्याची बायको एनिड माझा हात धरून म्हणाली, “वेरा, त्याला पाच घंटांवर नको गं पाठवू.”

मी इलिंकाकडे गेले. ती बटाटे सोलत होती.

“बाजारात म्हणायचा, माणसं जास्त झाली. वर मनोऱ्यात म्हणायचा, गुरुवारी येशील ना, आपल्याकडे माणसं कमी आहेत. मी नक्की कुठल्यातली, वेरा?”

“त्यालाही ठाऊक नसावं.”

“मग येऊन तसं सांगायचं होतं त्याने.”

“हो, सांगायचं होतं.”

“येईन असं काही म्हणत नाही मी,” ती म्हणाली.

अंत्यविधीच्या दिवशी घंटांच्या लोलकांना एका बाजूने कातडं बांधलं, म्हणजे एक ठोका मोठा आणि एक दबका पडतो. खोकं मी तरीही जागेवर ठेवलं. शवपेटीची गाडी चर्चच्या फाटकाशी आली. एनिडला मी काय तोंड दाखवणार होते?

“चला, पाच तर पाच,” मी म्हटलं आणि दोरीला हात घातला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

इलिंका कारखान्याच्या पांढऱ्या बुटांनिशीच आली होती. तिने खोक्याकडे पाहिलं, पायाने ते उलटं केलं, अक्षरं वर आली, आणि ‘आता पुरे’वर बूट रोवून तिने दोरी धरली.

“बघत काय बसलात? वाजवा.”

सहाही घंटा वाजल्या. मला रडू येत होतं आणि त्यामुळे माझी तिसरी घंटा सारखी मागे पडत होती.

दफनानंतर हॉलमध्ये चहा आणि हॅमची सँडविचं होती. एनिड काठी टेकत सरळ इलिंकापाशी आली.

“मी खाली बसून मोजत होते,” ती म्हणाली. “सहा होत्या.”

इलिंकाने मान हलवली. एनिडने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“गुरुवारी येशील ना गं? आपल्याकडे माणसं कमी आहेत.”

इलिंका आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले.

“येईन,” ती म्हणाली. “पण खोक्यावरची ती पाटी आता वरच राहील, माझ्या पायांखाली.”