मधल्या भिंतीची भोकं

आमच्या खोऱ्यात आज एकशे चाळीस घरं आहेत. शाळा आहे, दवाखाना आहे, बसचा शेवटचा थांबा आहे आणि संध्याकाळी डोंगराचे फोटो काढायला शहरातून येणारी रिकामटेकडी माणसंही आहेत. येणारा प्रत्येक जण वर डोंगराकडे नाहीतर खाली नदीकडे बघतो. ज्या भिंतींवर हे सगळं उभं आहे, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्या भिंती माझ्या दिरानं बांधल्या. हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही, आणि ते स्वतः तर मेले तरी सांगायचे नाहीत. म्हणून मीच बसले लिहायला.

भाऊजींना अख्खी वसाहत 'ओळंबा' म्हणते. दोरीला लोखंडी वजन लावून भिंत सरळ आहे का ते पाहतात, तो ओळंबा. पूर्वी तो सदैव त्यांच्या खिशात असायचा. माझ्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं, तर हे मागच्या खांबाला ओळंबा लावून बघतायत! "खांब दोन बोटं कलला आहे," असं माझ्या वडिलांना सांगितलं. मांडव वडिलांनीच घातला होता. वडील वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

इथे वसाहत करायची कल्पना एका कंपनीची. खोऱ्याचा उतार विकत घेतला, गुळगुळीत कागदावर चित्रं छापली, 'प्रत्येक खिडकीतून नदी' असं त्यावर लिहिलं. आमचे हे भोळे, त्यांनी चित्र बघून घर नोंदवलं. प्रत्यक्षात बघायला आलो तर खिडकी नव्हतीच, कारण घरच नव्हतं. गुडघाभर चिखल होता आणि मध्ये एक पत्र्याची खोली. मी तिथल्या तिथे यांना चार शब्द सुनावले. भाऊजी मात्र उतारावर वर-खाली फिरून आले आणि म्हणाले, "वहिनी, जागा सोन्यासारखी आहे. फक्त ही माती खाली सरकणारी आहे. हिला धरून ठेवायला पाहिजे."

शहरातली चांगली चाललेली गवंडीकामं सोडून ते या पत्र्याच्या खोलीत राहायला आले. उताराच्या तीन पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीला भिंत घालायची आणि मग घरं, असं ठरलं. कंपनीच्या साहेबाला भिंत पटकन उभी राहायला हवी होती. भाऊजींचं काम म्हणजे एकेक दगड हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, नाही पटला तर खाली ठेवायचा. भिंतीच्या मागे माती लोटून मोकळं व्हावं असं साहेबाचं म्हणणं. भाऊजींनी मागे हातभर रुंदीची खडी भरायला लावली. साहेब म्हणाला, "अरे, मागचं कोण बघणार आहे?" भाऊजी म्हणाले, "पाणी बघणार आहे."

खालची भिंत आणि घरांची पहिली ओळ उभी राहिली आणि कंपनीनं हात वर केले. साहेब एके दिवशी गेला तो गेलाच. आम्ही सात घरं, रस्ता नाही, दिवे नाहीत, पाणी आठवड्यातून दोनदा टँकरनं. लोक म्हणायचे, खोऱ्यात जाऊन पडलेत बिचारे. आम्ही बिचारे नव्हतो हो! मी पत्र्याच्या खोलीत शाळा भरवली. शेजारच्या शिंपीकाकांनी सातही घरांचे पडदे शिवून दिले. मधली भिंत अर्धी राहिली होती, ती भाऊजींनी सुट्टीच्या दिवशी आमच्याच हातांनी पुरी करून घेतली. आमचे हे दगड उचलायचे, शिंपीकाका खडी वाहायचे, मी खालून ओरडायचे. ती भिंत पुरी झाली म्हणून मधल्या पायरीवर घरं आली, मग वरच्या पायरीवर, मग बस, मग दवाखाना. माझ्या पत्र्याच्या शाळेची दुमजली शाळा झाली आणि मी तिची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. हे सगळं त्या भिंतीनंतरचं आहे, हे मला नीट माहीत आहे. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. भाऊजींनी लग्न केलं नाही. ते आमच्या मागच्या खोलीत राहतात. मी वसाहतीच्या समितीची अध्यक्ष. मी कोणाच्या बापाला भीत नाही आणि कामं करून घेते, हे इथलं लहान पोरही सांगेल.

गेल्या वर्षी शहरानं सुंदर वसाहतींची स्पर्धा ठेवली. मला बक्षीस हवं होतं. लोकांनी ज्या खोऱ्याची कीव केली, त्या खोऱ्याला हवं होतं. भाऊजी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अडीच महिने बहिणीकडे गेले होते. मी मधल्या भिंतीवरचा पंचवीस वर्षांचा वेल काढायला लावला आणि आकाशी रंग मारायला रंगारी बोलावला. वेलीखाली भिंतीला भोकंच भोकं निघाली. काहींतून तपकिरी पाण्याचे ओघळ आलेले, काहींत पाली. आम्ही मदतीला होतो ते दगड उचलायला. भोकं ठेवायचं काम भाऊजींनी एकट्यानं केलं होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. रंगारी म्हणाला, "बाई, हे ओघळ दोन दिवसांत रंगावर उतरतील." मी म्हणाले, "मग बुजवून टाक सिमेंटनं."

बुजवली आणि वर रंग मारला. शनिवार-रविवार नव्हता, लोक कामावर, कोणाच्या लक्षात आलं नाही. बाकीच्यांच्या लेखी तिथे आधी वेल होता आणि आता आकाशी भिंत होती. बक्षीस मिळालं. ढाल माझ्या हातात असतानाचा फोटो वर्तमानपत्रात आला, आणि खरं सांगते, मी त्याची तीन कात्रणं कापून ठेवली.

त्यानंतर पंधरा दिवस पाऊस लागून राहिला आणि भिंतीला पोट सुटलं. मधोमध चांगली वीतभर फुगली, सांध्यांतून भेग गेली. खालच्या ओळीतली सातही घरं तिच्या अगदी पायथ्याशी. समितीनं शहरातून तज्ज्ञ बोलावला. भाऊजी आले ते त्याच दिवशी, काळा चष्मा लावून. पिशवी ओट्यावर टाकली, भिंतीपाशी गेले, रंगावरून सावकाश हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि परत आले.

"चहा टाका, वहिनी," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी सभा भरली. तज्ज्ञ उभा राहिला आणि म्हणाला, "या भिंतीत पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही. मुळात बांधकामच अडाण्याचं आहे. भिंत पाडावी लागेल. वर्षभर तरी खालची ओळ रिकामी करा."

शिंपीकाकूंनी तोंडाला पदर लावला. सगळ्यांच्या माना भाऊजींकडे वळल्या. वरच्या पायरीवरचा एक नवा गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी आलेला, मोठ्यांदा म्हणाला, "असल्या माणसाला भिंती बांधायला दिल्याच कोणी?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. "चुकलं असेल माझं काही," म्हणाले. "बघतो."

आणि मी, एरवी जिची जीभ टाळ्याला लागत नाही ती मी, अध्यक्षाच्या खुर्चीत बसून गप्प राहिले. रविवारी निर्णय घेऊ, असं म्हणून सभा संपवली. घरी येताना भाऊजी नेहमीसारखे माझ्यामागे दोन पावलं चालत होते. माझी मान वर होईना.

तीन दिवस मी असेच काढले. मनात म्हणायचे, घरं रिकामी करायचीच आहेत, आता सांगून काय उपयोग? दुसरं मन म्हणायचं, उपयोगाचं नाव कशाला घेतेस, तुला लाज वाटते एवढं सांग. चौथ्या दिवशी पहाटे मागून ठक ठक आवाज आला. मी शाल घेऊन बाहेर पडले. भाऊजी भिंतीपाशी बसले होते. एका हातात छिन्नी, एका हातात हातोडा, डोळ्यांवर चष्मा. आमच्या घरामागची खालची नऊ भोकं मोकळी झाली होती. त्यातून गढूळ पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि आकाशी रंगावर चिखल ओघळत होता.

"डोळ्यांसाठी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी?" तोंडातून हेच आलं.

"वाकलो नाही. बसलोय," ते म्हणाले. "एकाआड एक सोडतोय. एकदम सोडली तर मागची माती धसायची. रविवारपर्यंत निम्मी तरी होतील. मग सभेत सांगेन, भोकं मातीनं बुजली होती, साफ करतोय."

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"माझी भिंत आहे, वहिनी."

"मग त्या मेल्या तज्ज्ञाला तोंडावर का नाही सांगितलंत?"

ते हातोडा खाली ठेवून माझ्याकडे वळले. "त्या सभेतली अर्धी माणसं तुमच्या हाताखाली अक्षरं शिकली. त्यांच्यासमोर तुमचं नाव घेऊ? मी गवंडी माणूस. माझ्या कामाला नावं ठेवणारे जन्मभर भेटलेत. मला सवय आहे, तुम्हाला नाही."

मी त्या ओल्या जमिनीवर बसले आणि रडले. आमचे हे गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. भाऊजी घाबरले. "अहो, सर्दी होईल," असं म्हणत राहिले. माझ्या दिराइतका मोठा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्या मोठेपणाच्या आड मी लपून बसले होते.

रविवारी सभा भरली. भिंत पाडायचा ठराव माझ्यापुढे होता. मी उठले. समोर शिंपीकाका, शिंपीकाकू, ज्यांची मुलं मी शिकवली ती माणसं, तो नवा गृहस्थ आणि खुर्चीवर पाय हलवत बसलेला तज्ज्ञ.

"ठरावाआधी मला बोलायचंय," मी म्हणाले.

"वहिनी, खाली बसा," मागून भाऊजी.

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी. आयुष्यभर गप्पच बसलात." मग मी लोकांकडे वळले. "भिंतीत पाण्याला वाट होती. एक नाही, अठ्ठेचाळीस होत्या. उघडलेल्या आणि बुजलेल्या धरून मी कालच मोजल्या. पंचवीस वर्षं त्यांनी ही भिंत सांभाळली. रंग खराब होतो म्हणून त्या मी बुजवल्या. मी. यांना विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. यांना अडाणी म्हणत होतात तेव्हा मी याच खुर्चीत बसून ऐकत होते. अडाणी मी."

मला वाटलं, आता झालं, आता या खोऱ्यात तोंड दाखवायला जागा नाही. तेवढ्यात शिंपीकाका उठले. "म्हणजे भोकं आहेत, नुसती उघडायची?" म्हणाले. "मग आपण इथे बसून काय करतोय?"

अर्धी वसाहत भिंतीपाशी गेली. कोणी पहार आणली, कोणी छिन्नी. पण भाऊजींनी कोणाला हात लावू दिला नाही. आधी हे, मग ते, असं बोटानं दाखवत उरलेलं एकेक भोक उघडायला लावलं. तो नवा गृहस्थ चिखलात गुडघे टेकून बसला होता. भाऊजी त्याला म्हणाले, "हळू मारा, माझ्यावरचा राग भिंतीवर काढू नका." तो हसला, मग सगळेच हसले. तज्ज्ञानं भेगेवर आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत आणखी सरकली तर काच तडकेल, म्हणाला. सात घरांतली माणसं पंधरा दिवस वरच्या घरांत राहिली. आमच्या सुरुवातीच्या काळासारखे सगळे एकमेकांच्या स्वयंपाकघरात. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्या बघून यायचे.

एकही काच तडकली नाही. पुन्हा पाऊस झाला, अठ्ठेचाळीस धारा लागल्या आणि भिंत जागची हलली नाही. फुगलेला तुकडा भाऊजींनी स्वतः समोर उभं राहून नव्यानं रचून घेतला. खालची ओळ परत घरी आली. मी राजीनामा दिला; तो कोणी घेतला नाही, कारण अध्यक्षपदाचं काम करायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

आता खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावर साठ नवी घरं होतायत. मागच्या महिन्यात तिथली इंजिनिअर भाऊजींना विचारायला आली. चुणचुणीत मुलगी, हातात वही, बुटांना चिखल. सोबत तिची दोन माणसं आणि आपला तो तज्ज्ञही होता. आम्ही ओट्यावर बसलो होतो.

"काका, तुमच्या भिंतीसारखीच भिंत घालायची आहे," ती म्हणाली. "भोकं किती अंतरावर ठेवू?"

भाऊजींनी माझ्याकडे हात केला. चेहरा अगदी गंभीर. "ते यांना विचार, बाळ. आमच्या खोऱ्यात भोकांबद्दल वहिनींइतकं कोणालाच कळत नाही."

तज्ज्ञानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी भाऊजींकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. ते चहा पीत राहिले.

"आडवं पाच फुटांवर एक," मी त्या मुलीला म्हणाले, "वरची ओळ खालच्या दोन भोकांच्या मध्ये येईल अशी. मागे हातभर खडी, ती धुऊन घे, मातीची नको. आणि तुमच्या वसाहतीची अध्यक्ष कोणी झाली, की तिला आधी माझ्याकडे पाठव."

मुलीनं सगळं लिहून घेतलं. वर काय नाव लिहू, म्हणून विचारलं. मी माझ्या दिराचं पूर्ण नाव सांगितलं आणि तिनं ते नीट लिहीपर्यंत वहीत बघत उभी राहिले.