यमुना सिस्टरचं अळणी ताट

यमुना सिस्टर गेल्याचं मला देवगाव फाट्यावर कळलं. एस.टी.ची वाट बघत उभा होतो. तालुक्याच्या दवाखान्यात पूर्वी वॉर्डबॉय असलेला काशिनाथ भेटला. "तुमच्या सिस्टर गेल्या की. पिंगळीला, झोपेतच." 'तुमच्या' हा शब्द त्यानं सहज वापरला. महिना होत आला, तो माझ्या कानातून जात नाही...

माझी बायको सुलोचना. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यात हृदयाची झडप आखडली. तिशीतच तिला अंगण ओलांडताना दम लागायचा, पाय सुजायचे. दवाखान्यात ठेवली तेव्हा यमुना सिस्टरनी तिला जपलं आणि आम्हाला शिकवलं. सकाळी उठल्यावर नडगीवर अंगठा दाबून धरायचा. खळगा लगेच भरला तर ठीक, राहिला तर अंगात पाणी साठायलंय. उशी उंच घ्यायची. आणि मीठ बंद. चवीला लिंबू, चिंच, कच्चा लसूण. घरी सोडल्यावर त्या एकदा स्वतः गावात आल्या. आई चुलीपुढं होती. "अळणी सुतकात जेवतात, बाई. माझ्या घरात कोण मेलंय?" सिस्टर हसल्या. "कुणी मरू न्हाई म्हणूनच सांगायलेय, आजी. तुमी तुमच्या ताटात मीठ घ्या, चुलीवर नका टाकू." मग सुलोचनेच्या ताटातला घास उचलून त्यांनी खाल्ला. "आंबटतिखट हाय की! उगंच नावं ठेवता." सुलोचना हसली. आईनं ते ताट नंतर वेगळं काढून ठेवलं. सिस्टर बौद्ध होत्या, आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून गावंच्या गावं धुमसत होती ती वर्षं. ताट वेगळं निघालं, ते मी चालू दिलं.

पण सुलोचना सुधारली. सूज उतरली, पेटीत पडलेली जोडवी पुन्हा बोटांत बसली. ओसरीवर बसून ती भाकरी थापू लागली.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. शेतात कडब्याची खोप, पूजा, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आणि मडकंभर आंबील... ताकातलं, लसणाचं, मीठ सढळ हातानं घातलेलं. सुलोचना खोपीच्या सावलीत बसलेली. "तांब्याभर द्या की," ती म्हणाली, "सणाच्या दिवशी बी सुतक का?" कुणालाही वाटेल, आईनंच दिलं असेल. आईनं नाही, मी दिलं. एक तांब्या, मग अजून एक. लय दिवसांनी ती ओठ पुसत समाधानानं हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला श्वास पुरेना. जीपमधून दवाखान्यात नेईपर्यंत तोंडाशी गुलाबी फेस आला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन सिस्टरनी दिलं, तिला बसतं धरलं, नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "दादा, काय खाल्लं होतं हिनं? खरं सांगा."

"रोजचंच," मी म्हणालो. "अळणी."

थोड्या वेळानं सुलोचना गेली. "सुई टोचली अन् लेकरू गेलं!" आईनं हंबरडा फोडला. गावाला तेवढंच पुरे होतं. त्यांच्या हातची सुई घ्यायलाच नको होती, असं दारोदार बोललं जाऊ लागलं. चौकशी झाली, तिथंही मी सुईचंच सांगितलं. आंबील माझ्या तोंडून निघालं नाही. सिस्टरची दूर बदली झाली. पुढं आमच्या शेजारची भागीरथी अशीच सुजली, धापा टाकायची. पण सुईच्या भीतीनं तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही. ती घरातच गेली.

निवृत्तीनंतर सिस्टर पिंगळीला राहतात, हे मला ठाऊक होतं. रेल्वेगाडी तिथं थांबते. खिडकीतून फलाट कितीदा बघितला... उतरलो नाही. आज लिहितोय, की सुलोचनेच्या मरणात सिस्टरची काही चूक नव्हती. ज्यांनी हे वाचायला हवं होतं, त्या आता वाचणार नाहीत. भागीरथीही परत येणार नाही.

आता माझंच हृदय थकलंय. सून अळणी भाजी वाढताना विचारते, "मामा, कसं जातं हो तुमाला?" जातं. सकाळी खाटेवर बसून मी नडगीवर अंगठा दाबतो, सिस्टरनी शिकवला तसाच. उचलतो. खळगा बराच वेळ तसाच राहतो. मी त्याच्याकडं बघत बसतो. काय खाल्लं होतं, असं विचारणारं आता कुणी नाही.