त्याच्याच दुकानातला लॅपटॉप

स्टुडिओवाल्याने आईला माइकसमोर बसवलं, बाहेर येऊन काचेचं दार लावलं आणि नाकावर रुमाल धरला. मग मदतनिसाला म्हणाला, "अगरबत्ती लाव आत. चांगल्या चार-पाच लाव. एसीची खोली आहे, गालिच्याला वास बसतो."

आई काचेपलीकडे होती. तिला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. मला गेलं.

डोंबिवली. ऐंशीच्या दशकाची अखेर. मी अकरावीत होते. आई कोलशेतच्या बाजारात मासे विकायची. त्या दिवशी तिने पाटी उचलली नव्हती. डोक्यावरून आंघोळ केली होती, हिरवं लुगडं नेसली होती, अंबाड्यात अबोलीचा गजरा होता.

आई धवलारीणही होती. आमच्याकडे लग्न धवलारीण लावते. ती धवले गाते, एकेका देवाला नावाने मांडवात बोलावते, मग पुढचे विधी होतात. धवले मांडवाबाहेर गायचे नाहीत. लग्न नसताना देवांना हाक मारायची नाही. त्यामुळे स्टुडिओत कॅसेटसाठी आपण फक्त हळदीची गाणी म्हणू, असं तिने आधीच बजावलं होतं.

मदतनिसाने अगरबत्त्या माइकच्या स्टँडपाशी खोचल्या. आईने धूर पाहिला. पदर डोक्यावर घेतला. हात जोडले. तिला वाटलं, माणूस शहरातला आहे, पण रीत जाणतो. त्याने देवाला धूप दिला. धूप झाला म्हणजे मांडव झाला.

तिने डोळे मिटले आणि धवला लावला. गावदेवीपासून खाडीच्या देवापर्यंत सगळ्यांना बोलावलं.

काचेअलीकडे स्टुडिओवाला रुमालातून हसला. "टेप थांबवू नको रे. मावशींची समाधी लागली."

काही महिन्यांनी कॅसेट आली. शब्द आईचे, चाल आईची. आवाज दुसऱ्या बाईचा, शिकलेला. आईचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारायला गेले.

"अगं, लोकगीत आहे. लोकगीताला नाव नसतं," तो म्हणाला. "आणि मावशींचा आवाज कच्चा. असा विकला जात नाही."

विकली गेली ती कॅसेट. आमच्याच लोकांनी विकत घेतली. आमच्याच मांडवांत डेकवर लागू लागली. "काकी, तुम्ही कशाला दगदग करता? कॅसेट आहे ना." लोक हे प्रेमाने म्हणायचे. आई पाहुण्यांत बसायची. कर्ण्यातून तिचे देव दुसरीच बाई बोलवायची. आई जेवून घरी यायची. घरी गायची नाही. मांडव नव्हता.

मी पुढे ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार झाले. बातमीत विशेषण घालायचं नाही, हे तिथे शिकले. इथेही घालत नाही. गरज नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी ठरवलं, आईचे धवले आपणच भरून घ्यायचे. आवाज आणि चित्र, दोन्ही. ऑफिसात ज्याला विचारलं तो म्हणाला, डेस्कटॉप घे. साउंड कार्ड चांगलं बसतं, हार्ड डिस्क वाढवता येते, व्हिडिओ कापायला मोठा स्क्रीन बरा. लॅपटॉपला थेट माइक जोडला की घरघर येते, व्हिडिओ भरला की तो रडत चालतो.

सगळं खरं होतं. पण आई टेबलासमोर बसून गाणार नव्हती. मांडव टेबलापाशी येत नाही, यंत्राने मांडवात जायचं होतं. आवाज छोट्या मिक्सरमधून आत घ्यायचा. कॅमेऱ्यातलं थोडं कापायचं, थोडं जोडायचं. एवढं करणारा वापरलेला लॅपटॉप मला परवडत होता. शोधला. मिळाला तो एकाच ठिकाणी. स्टुडिओवाल्याने स्टुडिओखाली कॉम्प्युटरचं दुकान काढलं होतं.

आई सोबत आली. "ज्यात माझा आवाज राहनार तो डबा मना बगू दे," म्हणाली.

त्याने आम्हाला ओळखलं. "अरे, मावशी! या, या. लॅपटॉप कशाला हवाय?"

"आईचे धवले भरायचेत," मी म्हणाले.

"तुमच्या घरी? अगं, कीबोर्डातून कोळंबीचे सोडे निघतील." दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. स्टुडिओवाल्याला जोर आला. "त्यापेक्षा मावशींना वर स्टुडिओत आण. फक्त अगरबत्तीचा पुडा तुमचा. मागच्या वेळी आमचा अख्खा संपला, तरी गालिचा धुवावा लागला."

आईने माझ्याकडे पाहिलं.

"तो धूप देवाला नव्हता गो?"

"नव्हता, आये."

मी तिचा दंड धरला. मला तिला घेऊन निघायचं होतं. तिने माझा हात सोडवला आणि आपला हात लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला. पूर्ण पंजा.

"हाच घे. याच्याच हातचा घे."

मी घेतला. पिशवीत घालण्याआधी त्याने झाकण फडक्याने पुसलं. तिचा हात लागला होता तेवढंच.

पुढची हळद आमच्या शेजारच्या घरी होती. आईने बोलावण्याची वाट पाहिली नाही. मांडवात शिरली. "डेक बंद कर रे." डेक बंद झाला. मी लॅपटॉप पाटावर ठेवला, कॅमेरा शेजारी लावला, माइक तिच्यासमोर धरला. धवल्याआधी ती बोलली. स्वतःचं नाव. गाव. ज्या आजीकडून शिकली तिचं नाव. मग स्टुडिओवाल्याचं नाव.

"याने माझ्याफुडं धूप जाळला. मना वाटला देवाला. तो माझ्या वासाला होता. त्या धुपावर मी देव बोलवले. ते याने विकले."

मग तिने धवला लावला.

मी तो जसाच्या तसा ठेवला. घरघर आहे. खुर्च्या सरकल्याचे आवाज आहेत. चित्र मध्येच अंधारतं. आधीचं बोलणंही मी कापलं नाही. या धवल्याच्या कॅसेटी निघाल्या. कोलशेत, बाळकूम, कळवा, पुढे कल्याणच्या खाडीपर्यंत. आता हळदीला आधी स्टुडिओवाल्याचं नाव वाजतं, मग देव येतात. गाणं हवं त्याला नाव ऐकावं लागतं. लोक पुन्हा आईला बोलवायला येतात. त्याच्या कॅसेटीला आमच्याकडे गिऱ्हाईक राहिलेलं नाही.

त्याचा ऑफिसात फोन आला. आवाज मऊ होता. "अगं, जुनी गोष्ट आहे. चेष्टेत बोललो मी. मावशींची माफी मागतो, स्टुडिओत घेऊन ये त्यांना. पण नाव तेवढं काढ. माझी मुलगी लग्नाची आहे, लोक विचारतात."

मी आईला सांगितलं. ती बोंबील निवडत होती. हात थांबला नाही.

"त्याला सांग, मांडवात ये. सगल्यांसमोर. अगरबत्ती घेऊन ये."

मी तसंच कळवलं. तो आलेला नाही.

त्याच्या दुकानाचा स्टिकर मी झाकणावरून काढलेला नाही. तो येईल किंवा येणार नाही. आला, अगरबत्ती लावली, आईच्या पायाशी बसला, तर तेही भरून घेईन आणि पुढे जोडेन. नाव काढणार नाही.