पतासीबाईंचं ताट

सकाळच्या चहाला उकळी आली की पतासीबाई गाळणी आधी आपल्या कपावर धरायच्या. अर्धा कप गाळून ओट्याच्या कडेला सरकवायच्या. मग पातेल्यात दूध घालायच्या, साखर घालायच्या आणि बाकीच्या घराचा चहा पुन्हा उकळत ठेवायच्या. तोवर त्यांचा तो काळा, फिका चहा निवून जायचा. उभ्या उभ्याच दोन घोटांत तो संपवून कप विसळून पालथा घालायच्या. रक्षाने हे इतक्यांदा पाहिलं होतं की तिला ते दिसेनासंच झालं होतं.

घर धानोऱ्याच्या बाजारात. खाली किराण्याचं दुकान, वर राहती जागा. पतासीबाई लग्न होऊन राजस्थानातून आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या, हिंदी सातवी शिकलेल्या. गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलायच्या, घरात मारवाडी, आणि मराठी रक्षाच्या वह्यांपुरती. त्या घरात आईला सगळे बाई म्हणत, म्हणून रक्षाही बाईच म्हणायची.

नववीत असताना रक्षाने सांगितलं होतं, "बाई, मला पुस्तक काढायचंय. माझं."

"केवढं?"

"शंभर पानांचं तरी."

"मग इथे काय उभी राहिलीस?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी वरच्या खोलीतली डाळीची पोती खाली उतरवून घेतली. तिथे खिडकीशी एक टेबल लागलं. आठवडे बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, रक्षाचे वडील जेठमलजी एकटे घामाघूम व्हायचे, पण रक्षाला हाक मारायची नाही असा बाईंचा हुकूम होता. त्या स्वतः पदर खोचून काट्यापाशी उभ्या राहायच्या.

"आपण हळद-मिरची विकणारी माणसं," जेठमलजी म्हणायचे. "गोष्टी कोण घेतो?"

"तुम्हाला कोण विकायला सांगतंय? ती लिहील, विकणारा विकेल."

रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत व्हायचं. त्यानंतर रक्षा नवीन लिहिलेलं वाचून दाखवायची. बाईंना सगळं कळायचं असं नाही. कळलं नाही की त्या म्हणायच्या, "हे परत वाच." परत वाचूनही कळलं नाही की म्हणायच्या, "असू दे, कुणाला तरी कळेल."

एम.ए. झाल्यावर रक्षा नंदुरबारच्या एका कॉलेजात तासिकांवर शिकवू लागली. त्याच वर्षी तिने बारा कथा टाइप करून पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवल्या. सात महिन्यांनी पाकीट परत आलं. सोबत दोन ओळींचं पत्र होतं. लेखन चांगलं आहे, सध्याच्या योजनेत बसत नाही.

चातुर्मास चालू होता. नंदुरबारच्या जैन स्थानकात साध्वी महासतीजींचं व्याख्यान संपून बायका चपला शोधत होत्या, तेव्हा बाईंची नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, "पतासी, तुझ्या मुलीचं पुस्तक छापून येईस्तोवर आमचे मोतीबिंदू पिकतील गं." बायका हसल्या. बाईही हसल्या. मग चपला पुन्हा काढून आत गेल्या आणि महासतीजींसमोर हात जोडून त्यांनी गोडाचा त्याग मागितला. किती दिवसांसाठी, असं महासतीजींनी विचारलं. बाई म्हणाल्या, सध्या मुदत मोकळीच ठेवा.

यातलं रक्षाला काही माहीत नव्हतं. घरात उपास आणि त्याग बारा महिने चालायचे. कोण काय खात नाही हे कोणी विचारत नसे.

दीड वर्षाने दुसरं पाकीट परत आलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. चौथ्या प्रकाशकाने पाकीट न पाठवता ईमेल केला, तोही रक्षाने त्याच संध्याकाळी बाईंना वाचून दाखवला. बाईंपासून काही लपवायचं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई प्रत्येक वेळी एकच म्हणायच्या, "पुढचा पत्ता काढ."

सांगितलं ते कौसाबाईने. कौसाबाई गावातल्या शेतकऱ्याघरची, वीस वर्षं त्यांच्याकडे म्हशीचं दूध घालणारी. एक दिवस जिन्याशी रक्षा भेटली तशी तिने किटली खाली ठेवली.

"रक्षा, तुन्हं लिखानं बंद कर व माय. नही ते मन्ही म्हैस इकनी पडी."

"मी काय करं तुन्ही म्हैसले?"

"तुन्हं पाकीट परत उनं का तुन्ही माय एक चीज सोडस. पहिले गोड सोडं, मंग दूध, मंग दही. आते तूपबी नको म्हणस."

"कोणी सांगं तुले?"

"सांगाले काय लागस? मन्हा डोया शेतस ना."

रक्षा वर गेली तेव्हा बाई जेवत होत्या. तिने प्रथमच त्या ताटाकडे नीट पाहिलं. कोरडी भाकरी, पातळ डाळ, तेलावर परतलेली थोडी गिलकी. जैन घरांत दूध, दही, तूप, तेल आणि गोड या पाचांना विगय म्हणतात. अंगाला बळ देणाऱ्या आणि जिभेला लाडावणाऱ्या गोष्टी. पाचांपैकी चार गेल्या होत्या.

"कुणाला विचारून सोडलंस हे?"

"मला विचारून."

"महासतीजींना सांगितलंस, कशासाठी ते?"

बाईंनी घास चावून संपवला. "सांगितलं असतं तर त्यांनी त्यागाचं पच्चक्खाण दिलंच नसतं. मागणं मनात धरून केलेला त्याग खोटा, म्हणतात त्या."

"मग?"

"मग खोटा तर खोटा. तू तरी कुठे खरं लिहितेस? कौसाबाईची म्हैस गोष्टीत मारून टाकलीस. ती अजून दोन वेळा दूध देते."

रक्षाला हसू आलं. ते आवरून ती म्हणाली, उद्यापासून तू नीट खा, नाहीतर मी कुठेच काही पाठवणार नाही. बाई म्हणाल्या, "नको पाठवूस. मी कुठे जाते? बसते वाट बघत."

त्यानंतर रक्षाचं लिहिणं थांबलं. कुणाला ते कळलं नाही. ती रोज वर जाऊन टेबलाशी बसायची. एक वाक्य लिहायची, आणि ते कच्चं आहे हे कळायच्या आधी तिला ताट दिसायचं. कथा फसली की पूर्वी ती कागद चुरगाळून दुसरा घ्यायची. आता फसलेल्या कथेला किंमत होती, आणि ती दुसरंच कोणी देत होतं. खालून बाईंचा आवाज यायचा, "हळू बोला जरा, वर ती लिहितेय." गिऱ्हाइकं खरंच हळू बोलायची. रक्षा खिडकीतून बाजार बघत राहायची.

तिचा संग्रह पाचव्या प्रकाशकाकडे आधीच गेलेला होता. त्यांचाही नकार आला. तो रक्षाने फोनवर वाचला आणि पुसून टाकला. बाईंनी विचारलं की "अजून काही नाही" एवढंच सांगायची. तेलाची वाटी तिने अशी वाचवली.

पण अंग तोवर खचलं होतं. बाईंचे पाय सुजायला लागले. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर त्या बसून घ्यायच्या आणि कोणी पाहिलं तर पायरी पुसत असल्यासारखं करायच्या. नंदुरबारच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, रक्त फार कमी आहे, हृदयावर ताण आला आहे, आधी यांना खायला घाला. दवाखान्यात सलाइन लावलं तेव्हा बाईंनी नर्सला विचारलं, "या बाटलीत गोड तर नाही ना?" नर्सने रक्षाकडे पाहिलं.

"मिठाचं पाणी आहे, बाई," रक्षा म्हणाली. बाटलीवर ग्लुकोज असं लिहिलेलं होतं. बाईंचा चष्मा रक्षाच्या पर्समध्ये होता.

बाहेर बाकावर जेठमलजी बसले होते. बराच वेळ ते समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले. मग म्हणाले, "रक्षा, मी आयुष्यभर गल्ल्यावर बसून खोटं बोललो. तू एकदा बोल."

ती बोलली. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी, बाईंची वेणी घालता घालता. बाईंचे केस मूठभर उरले होते.

"बाई, पुस्तक घेतलं त्यांनी."

बाईंनी मान वळवली नाही. "कोणी?"

"पुण्याचे. पाचवे."

"कधी निघणार?"

"दिवाळीत."

रक्षाला बाईंचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खांदे दिसत होते. मग त्या म्हणाल्या, "म्हशीची गोष्ट घेतली का?"

"घेतली."

"कौसाबाईला सांगू नकोस."

"नाही सांगत. आता दूध घेशील ना? आज घे."

"दिवाळीला घेईन."

"अगं ठरलंय सगळं."

"ठरलेली लग्नं मोडतात, बेटा. पुस्तक हातात येऊ दे."

तेव्हा फाल्गुन चालू होता. दिवाळीला आठ महिने होते. रक्षाच्या हातात वेणीचं टोक होतं आणि त्याला बांधायचा दोरा तिला सापडेना.

त्या दिवसापासून बाई खुशीत होत्या, हे सर्वांत वाईट. कोरडी भाकरी त्या पूर्वीपेक्षा आवडीने खायच्या. नणंदेला फोन करून म्हणाल्या, "मोतीबिंदूचं काय झालं? काढून ठेव म्हटलं." जेठमलजी ते ऐकून दुकानात जाऊन बसले. रक्षाने त्या आठवड्यात पुण्याच्या पाचव्या प्रकाशकांना फोन लावला आणि पुन्हा एकदा विचार कराल का, असं विचारलं. पलीकडची बाई सौजन्याने बोलली. दुसरं काही लिहिलं असेल तर पाठवा, म्हणाली. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

बाई वैशाखात गेल्या, एका दुपारी चारच्या सुमाराला, झोपेत. पुस्तक आजपर्यंत निघालेलं नाही. महासतीजींना रक्षाने सगळं सांगितलं तेव्हा दोष कुणाला लागला हे त्यांनी सांगितलं नाही. कौसाबाई बारा दिवस रोज दूध घेऊन येत राहिली. नको म्हटलं तरी ठेवून जायची.

बाई गेल्या त्या दुपारी बेचाळीसच्या वर तापमान होतं. रक्षा पलंगाशेजारी जमिनीवर बसून कॉलेजच्या उत्तरपत्रिका तपासत होती. त्यांचे गठ्ठे सोडून तिने फरशीवर पसरले होते. बाई कुशीवर वळून बघत होत्या. मुलगी लिहायला बसली आहे असंच त्यांना वाटलं असणार, आणि रक्षाने तसं वाटू दिलं. बाईंच्या कपाळावर घाम होता. रक्षा पंख्याचा वेग वाढवायला उठली, तेव्हा त्यांनी हात हलवून तिला थांबवलं.

"पंखा बंद कर," बाई म्हणाल्या. "तुझे कागद उडतात."