अतीत कोण?
खीर आटल्याचा वास आला की गिरगावच्या चाळीतली एक पिठोरी अमावास्या आठवते. दर पिठोरीला आई खीरपुरीचं ताट डोक्यावर धरायची आणि मागे न बघता विचारायची, "अतीत कोण?", म्हणजे पाहुणा कोण. मागे उभं असलेलं मूल "मी" म्हणालं की ताट त्याचं. त्या वर्षी ताईनं आणि मी ताटं घेतली, तोच शेजारचे सत्तरीचे ख्रिस्ती अंकल दारात आले. त्यांची आई नुकतीच गेली होती. ताईनं त्यांना रीत समजावली. "आमच्यात असं नाय," म्हणत ते संकोचून आईच्या मागे उभे राहिले. आईनं आणखी एक ताट उचललं. "अतीत कोण?" "मी." त्यांच्या निम्म्या वयाच्या आमच्या आईनं न वळता ताट मागे दिलं आणि म्हणाली, "सावकाश जेव, बाळा." आता माझी मुलं मागे उभी राहतात, पण तिच्यासारखं 'बाळा' मला अजून म्हणता येत नाही.