तेवीस ग्रॅमची ताई

समोरच्या खोलीतले भाऊजी टपाल कचेरीत पत्रं वेगळी करतात. ते माझ्या यजमानांचे स्नेही. यजमान गेल्यावरही दर शनिवारी चहाला येतात. घरी बोलायला कुणी नाही, ना त्यांच्या ना माझ्या.

नदीपलीकडच्या एका गावावर दोन्ही देश हक्क सांगतात. भाऊजींची थोरली बहीण त्या गावात दिलेली. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्या गावापुढे शेजारच्या देशाचं नाव असलं, की ‘असा पत्ता नाही’ हा शिक्का मारून पत्र परत पाठवायचं, असा इथला नियम. आणि ते नाव घातल्याशिवाय तिथे पत्र घेतच नाहीत. भाऊजींच्या पत्रांची तिकडे हीच गत. फोन तर अकरा वर्षांपूर्वीच्या लढाईपासून बंद.

ताईची पत्रं नेमकी भाऊजींच्याच टेबलावर येत. शिक्का मारण्याआधी ते पत्र काट्यावर ठेवत.

“वहिनी, परवा ताई तेवीस ग्रॅम भरली,” बशीत चहा ओतत ते सांगायचे. “चार-पाच कागद तरी असतील. म्हणजे जावेची गाऱ्हाणी.”

“अहो, एकदा उघडून वाचा की! कोण बघतंय?”

“मग बाकीच्यांची कोणत्या तोंडाने परत पाठवू?”

त्या गावाला स्वतःला काय हवंय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “ताई म्हणायची, ओढाओढी करण्याआधी आम्हाला एकदा विचारा तरी. अजून कुणी विचारलेलं नाही.”

प्रत्येक पत्राची तारीख आणि वजन मी रोजनिशीत टिपत आले. अकरा वर्षांत एकोणचाळीस पत्रं.

गेल्या शनिवारी भाऊजींनी कपाला हात लावला नाही.

“काल ताईच्या घरून एक आलं. आठ ग्रॅम. अक्षर ताईचं नव्हतं.”

“मग? काय लिहिलंय?”

“शिक्का मारला. गेलं परत.”

“भाऊजी, माणूस आहात की कोण!” मी फारच चढ्या आवाजात बोलले.

ते हळूच म्हणाले, “तिच्या हातचं शेवटचं कधी आलं होतं? बघता जरा?”

मी चष्मा लावला, पानं चाळली. “चौदा नोव्हेंबर. बावीस ग्रॅम.”

“बावीस,” ते म्हणाले. “म्हणजे तेव्हा बरी होती.”

तारीख त्यांनी माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.